तिला काही लागत नाही

आमच्या घरात ‘मजा’ हा शब्द शिवी नव्हता, पण शिवीच्या शेजारी राहायचा. कुणी तो उच्चारला की पप्पांच्या कपाळावर आठी यायची. ‘सुख’ हा शब्द खालच्या टॉवरमधल्या लोकांचा. ‘आनंद’ चालायचा, कारण तो भाषणात येतो: वाचनातला आनंद, संघर्षातला आनंद. मजा मात्र जाहिरातवाल्यांची, आणि रविवारी मॉलच्या सरकत्या जिन्यावर फोटो काढणाऱ्यांची.

मी भांडुपच्या टेकडीवर वाढले आणि पत्रकांवर वाढले. पप्पा एका छोट्या छापखान्यात मशीन चालवायचे. मालकाच्या लग्नपत्रिका आणि बिलबुकं संपली की उरल्या कागदावर ते चळवळीची पत्रकं काढायचे आणि घरी आणायचे. त्यांना घड्या घालायचं काम माझं. स्टीलच्या पट्टीने घडी दाबायची. शाई ओली असली की शेवटची ओळ पहिल्या ओळीवर उमटायची. कितीतरी ‘बंधू-भगिनींनो’ माझ्या हातून ‘जाहीर निषेध’ होऊन गेले. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. म्हणून ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या बरोबरीने मला ‘चंगळवाद’ हा शब्द यायचा. शाळेत ‘माझा आवडता सण’ या निबंधात मी लिहिलं की सण म्हणजे चंगळवादाने कष्टकऱ्यांच्या घरात शिरण्यासाठी पाडलेलं भगदाड आहे. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, वर्ग पोट धरून हसला. पप्पांनी तोच कागद घरी भिंतीवर चिकटवला.

हे मी त्यांची टिंगल करायला लिहीत नाही. मला पाठीचा कणा दिला तो त्या पत्रकांनी. आपल्याला खाली बघायला लावणाऱ्याच्या डोळ्यात बघायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पण पप्पांच्या तोंडात माझ्याबद्दलचं एक वाक्य होतं आणि ते मला त्यांच्याकडून काढून घ्यावं लागलं. त्याचीच ही हकिगत आहे.

लहानपणी मी मजा करत नव्हते असं नाही. चोरून करायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजे नको, त्या पैशात अभ्यासिका काढा, असं पत्रक पप्पा दरवर्षी काढायचे. मिरवणुकीच्या पुढच्या टोकाला मी ते वाटायचे. वाटून संपलं की मागच्या टोकाला जाऊन त्याच डीजेसमोर घाम फुटेपर्यंत नाचायचे. पप्पांनी विचारलंच तर आई सांगायची, “ती पाणी वाटतेय.” पाणी वाटून माझे केस इतके कसे विस्कटतात, हे पप्पांनी कधी विचारलं नाही.

बीए झाल्यावर मी स्पर्धा परीक्षांच्या मागे लागले. ती वर्षं ज्यांनी काढलीत त्यांना ‘निकाल लागल्यावर’ हे दोन शब्द माहीत असतील. सिनेमा निकाल लागल्यावर. मैत्रिणीच्या गावाला जाऊन समुद्र बघणं निकाल लागल्यावर. निकाल लागत होते, माझे लागत नव्हते. पुढे ढकललेल्या गोष्टी पुढेच राहिल्या, आणि हळूहळू त्यांची आठवण येणंही थांबलं. मैत्रिणींचे फोन मी उचलेना. सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि ‘काय चाललंय?’ला ‘अभ्यास’ हे उत्तर किती वेळा देणार?

मग मालाडला नोकरी लागली. घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची, रात्रपाळीत. बिर्याणीत लेगपीस नाही. केकवर नाव चुकलंय, आता बायकोला काय दाखवू? आइस्क्रीमचं दूध झालंय. शहरभरच्या मोडलेल्या हौशी माझ्या स्क्रीनवर यायच्या, आणि मी तयार वाक्यांतलं एक निवडून पाठवायचे: ‘तुमची नाराजी आम्ही समजू शकतो.’ पहिल्या महिन्यात मला त्याचं हसू यायचं. नंतर हसूही येईना आणि नाराजी म्हणजे काय तेही समजेना. एका आइस्क्रीमसाठी माणूस इतकं लिहितो? त्याला ते इतकं हवं होतं?

दिवसा झोपायचे म्हणजे पडायचे. आमच्या एका खोलीत दिवसा कुणी झोपू शकत नाही. शेजारी मिक्सर, वर भांडण, दारात पाण्याची रांग.

ऑफिसात एक फन कमिटी होती. तिचा हुकूम निघायचा: शुक्रवारी पिवळे कपडे, सेल्फी काढा, नाचा. मी पिवळी ओढणी घेऊन उभी राहायचे. आमचा टीम लीडर म्हणायचा, “यार, थोडं एन्जॉय कर ना! चेहरा बघ, रेशनच्या लाईनीत उभी असल्यासारखा.” एकदा पुढे म्हणाला, “तुम्हा लोकांना सगळं जरा जास्तच सिरीयस असतं ना?”

तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पूर्वीची मी असते तर तिथेच त्याची सालटी काढली असती. मी ओढणी नीट केली आणि खुर्चीत जाऊन बसले. अपमान गिळला असं म्हणता येणार नाही. गिळायला घशात काहीतरी यावं लागतं.

त्या वर्षीच्या जयंतीला मी पत्रकं वाटली आणि सवयीने मिरवणुकीच्या मागच्या टोकाला गेले. भिंतीएवढे स्पीकर होते. गल्लीतल्या मैत्रिणीने हात ओढला, “चल ना गं, काय शोपीससारखी उभी आहेस!” ती नाचत नाचत पुढे गेली. मी उभीच. आवाज छातीवर आदळत होता आणि आत काहीच हलत नव्हतं. आणि इथे मी ती चूक केली जी आमच्यासारख्या घरातलीच मुलगी करू शकते. मला वाटलं, आपण सुधारलो. अखेर विचार अंगात मुरला. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची आतली गोडी गेली तर तो दवाखान्यात जात नाही, स्वतःचं अभिनंदन करतो.

पप्पांनी मला तशी उभी असलेली लांबून पाहिलं. घरी आल्यावर म्हणाले, “आज खरी कार्यकर्ती झालीस.”

तिथून ते वाक्य सुरू झालं. चळवळीच्या दर रविवारच्या बैठकीत पप्पा तरुण मुलांना सांगू लागले, “माझ्या मुलीकडे बघा. कमावती आहे. पण तिला काही लागत नाही. कपडा नाही, हॉटेल नाही, सिनेमा नाही. काही लागत नाही तिला.” मुलं माझ्याकडे बघायची. काही आदराने, काही जणू मी उपास करणारी कुणी बुवा आहे अशा नजरेने.

आईला ते वाक्य पहिल्यापासून आवडलं नव्हतं. ती मुलुंडला सोसायट्यांमध्ये पोळीभाजी करते, बैठकांना फारशी येत नाही. एके दिवशी घाईत तिने वरणात मीठ घातलं नाही. पप्पांनी पहिल्या घासाला ताट पुढे सरकवलं.

“काय हे? मीठ कुठाय?”

“चंगळवाद नको म्हणता ना? मग खा की बिनमिठाचं,” आई म्हणाली आणि मिठाचा डबा शोधायला उठली. परत आली तेव्हा माझं ताट रिकामं होतं.

ती तशीच उभी राहिली. “तुला कळलं नाही मीठ नव्हतं ते?”

“कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय फरक पडतो?”

पप्पा कौतुकाने हसले. आई हसली नाही. भांडी घासायला मी मोरीत गेले तशी ती मागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “माझी धाकटी बहीण अशीच झाली होती. काही मागायची नाही, काही नको म्हणायची नाही. किती शांत मुलगी, किती शांत मुलगी, असं म्हणत म्हणत आम्ही तिला घालवली. मी तुला शांत म्हणणार नाही. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं.”

पालिकेच्या दवाखान्यात मनाच्या आजारांची ओपीडी जिन्याखाली होती. डॉक्टर माझ्याच वयाची, डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. तिने विचारलं, “शेवटची वाट कशाची पाहिलीस?”

“बसची.”

ती हसली. “बस सोडून.”

मी आठवायला लागले. बाहेर नंबर पुकारला जात होता, बाकावर आई पदराने वारा घेत होती, आणि मी आठवतच होते. वर्ष? दोन वर्षं? माझ्यापुढे काहीच नव्हतं ज्याच्याकडे मी जात होते.

“रडू येतं?” तिने विचारलं.

“नाही.”

“लोकांना वाटतं, उदासी म्हणजे रडणं. काहींना दुःख होत नाही, नुसती गोडी जाते. आवडणं जातं, त्याच्याही आधी हवंसं वाटणं जातं. हा आजारच आहे, स्वभाव नव्हे.”

“कशामुळे झालं?”

“एकच कारण सापडेल अशी आशा करू नकोस,” ती म्हणाली. मग तिने झोपेचं विचारलं, मासिक पाळीचं विचारलं, थायरॉइडसाठी रक्त तपासायला सांगितलं. घरात आधी कुणाला होतं का, लहानपणी धाक होता का, अपयश किती पचवलंस, बोलायला कोण आहे, कामावर कुणी टोचून बोलतं का. एकेका प्रश्नावर मी मान डोलावत गेले. शेवटी तीच म्हणाली, “यातलं कशामुळे किती, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. पण एवढं सगळं अंगावर घेऊन तू आळशी आहेस किंवा संत आहेस असं कुणी म्हणालं, तर ऐकू नकोस.”

तिने गोळ्या दिल्या. झोप सुधार, दिवसाची पाळी माग, म्हणाली. आणि रोज एक लहानशी गोष्ट कर, आवडेल म्हणून नाही, नुसती करून बघ.

मी गोळ्या घेऊन घरी आले. पप्पांनी पाकीट उलटसुलट करून वाचलं. “या औषध कंपन्यांचा धंदा समजतो का तुला? आधी माणसाला आजारी म्हणायचं, मग औषध विकायचं. तुला झालंय काय? वाचत जा.”

“वाचता येत नाही, पप्पा. चार ओळींनंतर अक्षरं नुसती अक्षरं राहतात.”

त्यांनी पाकीट खाली ठेवलं. मला वाटलं, पोचलं. पण त्या रविवारी पुन्हा तेच: तिला काही लागत नाही. आणि वर त्यांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या महिन्याच्या युवा शिबिरात ‘साधी राहणी आणि आजची तरुण पिढी’ या विषयावर मी बोलणार.

मी कोंडीत सापडले होते. गोळ्यांनी मला उद्या भूक लागली, एखादा ड्रेस आवडला, तर पप्पांच्या हिशेबी मी घसरले. त्या वाक्याच्या छपराखाली माझं बरं होणं म्हणजे विचाराशी गद्दारी होती. आजारी राहणं हीच निष्ठा. मी दोन वेळा गोळी न घेता झोपले, ते याचमुळे.

सगळ्यात आधी परत आला तो राग. हे डॉक्टरने सांगितलं नव्हतं. ऑफिसात मी दिवसाची पाळी मागायला गेले. टीम लीडर म्हणाला, “तुम्हा लोकांना सवलती मागायची सवयच असते ना?”

“कोणत्या लोकांना?” मी विचारलं.

“अगं, म्हणजे... जनरल बोललो.”

“नाही, नीट सांग. मोठ्याने सांग. कोणत्या लोकांना?”

सगळ्या फ्लोअरवरचे कीबोर्ड थांबले. त्याचे कान लाल झाले. माझी कानशिलं तापली होती, आणि मला वाटलं, अरे, मी आहे. अजून आहे. पाळी बदलून मिळाली. फन कमिटीच्या ग्रुपमधून मी त्याच दिवशी बाहेर पडले.

शिबिर आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये होतं. सतरंजीवर तीस-चाळीस मुलंमुली, बहुतेक कॉलेजातली. पप्पा पहिल्या रांगेत, आयोजक म्हणून पेन उघडून बसलेले. मी विषय वाचला आणि म्हणाले, “या विषयावर मी बोलू शकत नाही. माझी राहणी साधी नाही. मी आजारी आहे.”

मग सांगितलं. वरणातलं मीठ, स्पीकरसमोर उभं राहणं, जिन्याखालची ओपीडी, गोळ्या. “तुम्हाला दर रविवारी सांगतात की मला काही लागत नाही. ते खरं आहे, पण तो गुण नाही. तुमच्यापैकी कुणाची गोडी अशी गेली असेल, तर कृपा करून त्याला तत्त्व समजू नका. तुम्हाला मोबाईल सोड म्हणतील, पहाटे ऊठ म्हणतील, आमच्या काळी असलं काही नव्हतं म्हणतील. त्यांना सांगा, तुमच्या काळी होतं, तुम्ही त्याला शांत मुलगी म्हणायचात. जिथे झोपायला कोपरा नाही, परीक्षेला अंत नाही, ऑफिसात जात विचारली जाते पण सरळ विचारली जात नाही, तिथे पोरांच्या मनाचा पाणीपुरवठा बंद पडला तर दोष पोरांचा नाही. आणि आपल्या पत्रकांचाही त्यात वाटा आहे. आपण पोरांना मजेची लाज वाटायला शिकवली.”

पप्पा उभे राहिले. शिबिरात आमच्याकडे नाती चालत नाहीत, सगळे एकमेकांना ‘तुम्ही’.

“वक्त्या ताईंना माझा प्रश्न आहे,” ते म्हणाले.

“विचारा.”

“ताईंच्या मते चंगळवाद आणि मजा यांत फरक काय? की ताईंना दोन्ही मान्य आहेत?”

मुलं खुसुखुसु हसली. मी म्हणाले, “आयोजकांना माझं उत्तर असं आहे. चंगळवाद माणसाला विकत घेतो, ही तुमची भीती. ती बरोबर आहे. पण मला गेली दोन वर्षं कुणी विकतही घेऊ शकत नव्हतं आणि जागंही करू शकत नव्हतं. मागे आपण पाण्याचा मोर्चा काढला, त्यात मी सगळ्यात पुढे घोषणा देत होते. आठवतंय? पाणी आलं काय आणि नाही आलं काय, मला सारखंच होतं. ज्याला स्वतःसाठी चांगला दिवस नकोय, तो दुसऱ्यासाठी तो कशाच्या जोरावर मागणार? मला हवंसं वाटणं परत पाहिजे. मीठ पाहिजे, समुद्र पाहिजे, नवा ड्रेस पाहिजे. त्यासाठी मी कुणाची परवानगी घेणार नाही. आयोजकांचीसुद्धा नाही.”

मागून एक मुलगी ओरडली, “ताई, म्हणजे मिरवणुकीत नाचलं तर चालेल ना?”

“मला विचारू नका, नाचा.”

हशा झाला. पप्पा खाली बसले. पेनाचं टोपण लावायला त्यांना जरा वेळ लागला.

शिबिर संपल्यावर आम्ही दोघं सतरंज्या गुंडाळत होतो. ते म्हणाले, “हे तू मला घरी सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं होतं.”

“केव्हा?”

“गोळ्या दाखवल्या तेव्हा.”

त्यांनी सतरंजीचं टोक हातातून सुटू दिलं नाही, पण गुंडाळणं थांबवलं. “मी तेव्हा कंपन्यांवर बोललो,” ते म्हणाले.

“हो.”

“कंपन्यांबद्दल मी चुकीचं बोललो नव्हतो.”

“नव्हतात. पण मी कंपनीबद्दल बोलत नव्हते.”

‘तिला काही लागत नाही’ हे वाक्य त्यांनी त्यानंतर कुठे म्हटलेलं माझ्या कानावर आलेलं नाही. माफी मागितली नाही, मागणारही नाहीत. त्यांना मागता येत नाही आणि मला ती नकोय. दर महिन्याला दवाखान्यात आता तेच माझ्याबरोबर येतात आणि बाकावर बसून भिंतीवरच्या आरोग्यखात्याच्या पोस्टरमधल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. मी बरी झाले का, असं विचाराल तर अजून पूर्ण नाही. काही दिवस गोडी येते, पातळ, आणि जाते. मागच्या आठवड्यात मी एका सिनेमाची वाट पाहिली. सिनेमा भिकार निघाला. इंटरव्हलपर्यंत मी चिडले होते, आणि डॉक्टरला ते सांगितलं तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त खूश झाली.

परवा पुढच्या शिबिराचं वेळापत्रक करायला आम्ही दोघं बसलो. पप्पांनी नेहमीप्रमाणे सकाळपासून रात्रीपर्यंत सत्रं भरली होती.

“जेवणानंतरचे दोन तास मोकळे ठेवा,” मी म्हणाले.

“कशासाठी?”

“कशासाठीच नाही.”

“मग पोरं करतील काय?”

“त्यांना वाटेल ते. लोळतील, क्रिकेट खेळतील, गाणी लावतील.”

त्यांनी बराच वेळ पेन कागदावर टेकवून धरलं आणि त्या चौकटीत लिहिलं, ‘मुक्त चर्चा’. मी पेन घेऊन ‘चर्चा’ खोडलं.

“नुसतं मुक्त?” ते म्हणाले. “छापून आल्यावर लोकांना वाटेल, खाली ओळ गळलीय.”

“वाटू दे.”

“मुक्त काय, असं विचारतील.”

“सांगा, मुक्त.”

मग कागद जवळ ओढून त्यांनी पुढच्या सत्राची वेळ लिहिली. “पण चार वाजता सगळे सतरंजीवर पाहिजेत.”

“साडेचार.”

“सव्वाचार.”

“साडेचार, पप्पा.”